चुलीतील उष्णता जाते कोठे?

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भुसावळ व मलकापूर मागे पडले की नांदुरा लागते. बुलढाणा जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यात, काळ्या जमिनीच्या मुलखात वसलेले आहे. या जमिनीत कापूस पिकतो, तूर पिकते. बाजारात कापसाचा भाव विचारला जातो, तुरीचा विचारला जातो. परंतु हीच पिके शेतकऱ्याला आणखी एक वस्तू देतात, तिचा भाव सहसा कोणी विचारीत नाही. कापसाची शेवटची वेचणी आटोपली की शेतात वाळकी झाडे उभी राहतात. ती उपटली म्हणजे त्या पऱ्हाट्या. तुरीची मळणी झाल्यावर उरतात त्या तुराट्या. गाडी भरून त्या घरी आणावयाच्या, परसात रचून ठेवावयाच्या आणि चुलीला पुरवावयाच्या, अशी या भागाची जुनी रीत आहे. जोडीला गोवऱ्या असतात. बाभळीचे लाकूड मिळाले तर तेही असते.

घरोघरी गॅसची शेगडी आल्यानंतर चूल नाहीशी होईल असे पुष्कळांस वाटले होते. १ मे २०१६ रोजी केंद्र सरकारची उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्या घरांत पूर्वी कधी गॅस नव्हता अशा कोट्यवधी घरांत तो पोहोचला. तरीही खेड्यांतील अनेक घरांत अंगणातली चूल विझलेली नाही. चहा आणि भाजी गॅसवर होते. परंतु अंघोळीचे पाणी, ज्वारीच्या भाकरी, लग्नकार्यातील मोठा स्वयंपाक यांसाठी चूलच पेटते. पऱ्हाट्या शेतातल्या असतात, त्यांना पैसे पडत नाहीत. मग त्या थोड्या जास्त जळाल्या तर बिघडले काय, असा प्रश्न येथे सहज उभा राहतो. त्याचे उत्तर एका लहानशा गणितात आहे.

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. हिवाळ्यातील सकाळी हंड्यातील पाणी सुमारे २० अंशांचे आहे असे समजा. अंघोळीसाठी ते ४५ अंशांपर्यंत तापवावयाचे आहे, म्हणजे २५ अंशांनी वाढवावयाचे आहे. एक बादली म्हणजे वीस लिटर पाणी घेतले, तर वीस गुणिले पंचवीस, म्हणजे ५०० किलोकॅलरी उष्णता पुरेशी होते. आता जळणाकडे पाहू या. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात किंवा पऱ्हाटीत सुमारे ४००० किलोकॅलरी उष्णता साठविलेली असते. तेव्हा ५०० किलोकॅलरीसाठी किलोचा आठवा भाग, म्हणजे १२५ ग्रॅम पऱ्हाटी पुरावयास हवी. सव्वाशे ग्रॅम म्हणजे मूठभर काड्या!

मूठभर काड्यांत एक बादली पाणी तापल्याचे कोणत्याही गृहिणीने पाहिलेले नाही. तीन दगड मांडून केलेल्या उघड्या चुलीवर तेवढ्याच पाण्यास एक किलोहून अधिक जळण लागते. याचा अर्थ असा की, अशा चुलीत दहा वाटे उष्णता निर्माण झाली तर पाण्याला जेमतेम एक वाटा मिळतो. उरलेले नऊ वाटे जातात कोठे? उष्णता काही चोरीस जात नाही आणि नष्टही होत नाही. ती कोठे गेली हे एकदा कळले म्हणजे तिला अडविता येते. चुलीची सुधारणा म्हणतात ती हीच.

प्रथम जाळ म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. लाकूड पेटते असे सर्वजण म्हणतात, परंतु ज्वाला पाहिली तर ती लाकडाला चिकटलेली नसून थोडी वर, हवेत नाचत असते. कारण ज्वाला लाकडाची नसतेच. लाकूड तापू लागले की आधी त्यातील ओलावा वाफ होऊन निघून जातो. तापमान दोनशे-तीनशे अंशांपर्यंत चढले की लाकडातून जळाऊ वायू बाहेर पडू लागतात. हे वायू हवेतील प्राणवायूशी संयोग पावून जळतात, तीच ज्वाला. सगळे वायू निघून गेल्यावर मागे कोळसा राहतो आणि तो ज्वालेवाचून, लालभडक होऊन जळतो, तो निखारा.

आता त्या वायूंना पुरेशी हवा मिळाली नाही, किंवा हवा मिळूनही ते पुरेसे तापलेले नसले, तर काय होईल? ते न जळताच वर निघून जातील. धूर तो हाच. धूर म्हणजे लाकडाची घाण नव्हे; धूर म्हणजे न जळलेले जळण होय. चुलीतून काळा-पांढरा लोट निघत असला म्हणजे शेतातून वाहून आणलेल्या पऱ्हाट्यांचा काही भाग भांड्याखाली न जळता छपरातून आकाशात चालला आहे असे समजावे. वाटेत तो स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातील चुलींच्या व दिव्यांच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. त्यांत पाच वर्षांखालील मुलेही पुष्कळ होती, कारण ती आईच्या कडेवर किंवा मांडीवर, चुलीजवळच असतात. ‘फुकटच्या पऱ्हाट्या’ हा शब्दप्रयोग या आकड्यापुढे टिकत नाही.

ओले जळण धूर करते याचे कारणही येथेच सापडते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पाणी असू शकतो. असे एक किलो लाकूड चुलीत घातले तर अर्धा किलो पाण्याची आधी वाफ करावी लागते, आणि त्यातच तीनशेहून अधिक किलोकॅलरी खर्च होतात. मघाच्या बादलीला एकूण ५०० लागत होत्या! शिवाय त्या वाफेने जाळ थंड होतो, वायू अर्धवट जळतात आणि बाई फुंकणी घेऊन बसते. पावसाळ्याआधी जळण आडोशाला रचणारी घरे डोळ्यांचे रक्षण करीत असतात, हे त्या घरांतील माणसांनाही कदाचित ठाऊक नसेल. रचलेल्या पऱ्हाट्यांची एक दुसरी बाजूही आहे. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा पिकावर येते. म्हणून पऱ्हाट्या फार दिवस शेताजवळ साठवू नयेत असे कृषितज्ज्ञ सांगतात. जळण आणि पीक या दोहोंचा असा संबंध आहे.

जळण पुरते जळले, तरी काम संपत नाही. निर्माण झालेली उष्णता भांड्यापर्यंत पोहोचली पाहिजे. तीन दगडांची चूल चारही बाजूंनी उघडी असते. वारा आला की जाळ एकीकडे आणि भांडे दुसरीकडे. ज्वालेची झळ जेवढी भांड्याला लागते तेवढीच, किंवा अधिकच, समोर बसलेल्या माणसाला लागते. उन्हाळ्यात नांदुऱ्याच्या बाजूला पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा ही झळ म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. मातीची चूल बांधली म्हणजे तीन बाजू बंद होतात व जाळ मध्ये राहतो. ही मोठीच सुधारणा होय, आणि ती कोणी केली हे इतिहासाला माहीत नाही. त्याच अज्ञात गृहिणींनी आणखी एक सुधारणा केली. चुलीच्या मागे किंवा बाजूला एक दुसरे तोंड ठेवले. त्याला वैल म्हणतात. पुढे भाकरी भाजली जात असता, वाया जाणारा जाळ आतल्या वाटेने वैलाकडे जातो आणि तेथे वरण शिजते किंवा पाणी तापते. एकदा वापरलेल्या उष्णतेकडून पुन्हा काम करून घेण्याची ही युक्ती मोठमोठ्या कारखान्यांतील भट्ट्यांतही वापरली जाते.

पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब तर या शास्त्राचा उत्तम नमुनाच आहे. बाहेरून तो एका उंच, गोल भांड्यासारखा दिसतो; परंतु त्याच्या मधोमध एक उभी नळी असते. नळीच्या तळाशी जाळी, जाळीवर जळण, आणि नळीच्या सभोवार पाणी. चुलीत भांड्याच्या फक्त बुडाला जाळ लागतो. बंबात मात्र जाळच पाण्याच्या पोटात असतो. उष्णता कोणत्याही बाजूला गेली तरी तिची गाठ पाण्याशीच पडते. नळी वरून उघडी असल्याने तीच धुराड्याचे काम करते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घेण्यास खालून जाळीतून ताजी हवा आत शिरते आणि फुंकणीवाचून निखारे फुललेले राहतात. बाजूच्या तोंडाने थंड पाणी ओतावे, तोटीतून कढत पाणी घ्यावे. बंबात पाणी असल्याची खात्री केल्यावाचून तो पेटवू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. नाही तर त्याचे सांधे सुटतात.

बंबाची जाळी ही वस्तू लहान, पण तिचा गुण मोठा. साध्या चुलीत जळण राखेवर पडलेले असते. खालून हवा मिळत नाही आणि निखारे राखेत गुदमरतात. जळणाखाली लोखंडी जाळी बसविली की राख गळून पडते व हवा थेट निखाऱ्यांपर्यंत पोहोचते.

बंदिस्त जाळाचा शास्त्रीय अभ्यास युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस बेंजामिन टॉम्प्सन या गृहस्थाने केला. तो जन्माने अमेरिकन. पुढे जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या सेवेत गेला आणि काउंट रमफर्ड या नावाने प्रसिद्ध झाला. म्युनिक शहरात गोरगरिबांसाठी चालविलेल्या मोठ्या स्वयंपाकघरांची व्यवस्था त्याच्याकडे होती. उघड्या जाळावर अन्नापेक्षा स्वयंपाकीच अधिक भाजून निघतो हे त्याने पाहिले. त्याने विटांच्या बांधकामात प्रत्येक भांड्यासाठी निराळी, लहान, बंद चूल केली. तिला जाळी दिली आणि हवा कमीजास्त करण्यासाठी झडप बसविली. जळण पुष्कळच कमी लागू लागले.

महाराष्ट्रात या विषयाचे माहेरघर नांदुऱ्याच्याच लोहमार्गावर, पुढे वर्धा येथे आहे. १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्यातील मगनवाडी हे त्याचे ठिकाण होते आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस होते. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांबरोबरच तेथे खेड्यातल्या चुलीचाही विचार झाला. त्यातून ‘मगन चूल’ जन्मास आली. ती मातीचीच, परंतु वरून बंद असे. जाळ एका भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली जाई आणि शेवटी धूर धुराड्यावाटे घराबाहेर पडे. पुढे हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धूररहित चूल तयार केली आणि १९५३ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले.

येथे एक नाजूक मुद्दा आहे व तो नीट ध्यानात घेतला पाहिजे. धूर बाहेर घालविणे आणि जळण वाचविणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. धुराडे उंच केले की त्याची ओढ वाढते. ओढ वाढली की धूर झपाट्याने जातो. परंतु त्याच्याबरोबर तप्त हवाही भांड्याला पुरता स्पर्श न करता निसटते. घर स्वच्छ झाले, पण जळण पूर्वीपेक्षा अधिक लागू लागले, असे कित्येक ठिकाणी घडले आहे. म्हणून धुराड्याच्या चुलीला दुसरे भांडे आणि झडप या दोन्ही गोष्टी हव्यात. जाळ पेटेपर्यंत झडप उघडी, मग अर्धी बंद. ज्या चुलीची झडप कोणी हलवीत नाही ती चूल अर्धीच सुधारलेली असते.

१९८३ च्या अखेरीस भारत सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविण्यात आल्या. संख्या प्रचंड आहे, परंतु त्यांतील पुष्कळ चुली थोड्याच वर्षांत निकामी झाल्या. धुराड्यात काजळी साचली आणि ती काढावयास कोणी शिकविले नाही. चुलीची तोंडे एका मापाची, भांडी दुसऱ्या मापाची. मग फटींतून जाळ बाहेर येऊ लागला. प्रयोगशाळेत उतरलेली चूल घरात उतरली नाही. ज्वारीची भाकरी तव्यावर भाजून झाल्यावर निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवावी लागते. चुलीचे पुढचे तोंड अरुंद केले तर जळण वाचते, पण भाकरी कोठे फुगवावयाची? गृहिणींनी तोंड फोडून मोठे केले. त्यांच्या या करणीला कोणी अडाणीपणा म्हणाले असेल, तर ते चुकीचे आहे. भाकरीचा विचार न करता काढलेला नकाशा वऱ्हाडात अपुराच ठरणार. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, जिची स्थापना १९९६ मध्ये शास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी केली, कुंभारांना साचे व शिक्षण देऊन सुधारित चुली घडविण्याचे काम केले. कुंभार गावातलाच असल्याने चूल मोडली तर दुरुस्त कोण करील हा प्रश्न सुटतो.

आता चुलीचा दर्जा मापण्याचे नियमही ठरलेले आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या २०१३ च्या मानकाप्रमाणे, केवळ नैसर्गिक ओढीवर चालणाऱ्या चुलीने जळणातील उष्णतेपैकी निदान २५ टक्के, आणि लहान पंख्याने हवा देणाऱ्या चुलीने निदान ३५ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे. म्हणजे पहिल्या चुलीवर बादलीभर पाण्यास अर्धा किलो पऱ्हाटी पुरते, आणि दुसरीवर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास.

नवी चूल आणली नाही तरी जुन्या चुलीवर बरेच काही करता येते. पऱ्हाटी हलकी असल्याने भसकन जळून जाते; म्हणून ती एकदम कोंबू नये, काड्यांची टोकेच जाळात राहतील अशी पुढे सरकवीत जावी. जाळाचा शेंडा भांड्याच्या बुडाला टेकला पाहिजे. भांडे फार वर असले तर उष्णता वाटेतच विरते आणि जाळात बुडाले तर ज्वाला विझून काजळी धरते. भांड्यावर झाकण हवे. पाणी एकदा उकळले की कितीही जाळ घातला तरी ते शंभर अंशांपलीकडे तापत नाही. खळखळणारे वरण मंद उकळीच्या वरणापेक्षा लवकर शिजत नाही, त्याचे पाणी मात्र लवकर आटते. डाळ आधी भिजवावी, आणि एक उकळी आल्यावर भांडे गवताने वा कापसाने भरलेल्या पेटीत झाकून ठेवावे. अडकून पडलेल्या हवेतून उष्णता सहज बाहेर जात नाही आणि डाळ जाळावाचून शिजत राहते. याच कारणासाठी चुलीच्या मातीत कुटार कालवितात. चूल तापली की कुटार जळून जाते, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि मातीची भिंत उष्णता कमी शोषते.

थंडीच्या रात्री कोळशाची शेगडी दारे-खिडक्या बंद करून खोलीत ठेवण्याची चूक कोणी करू नये. निखाऱ्यांना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस जागा होत नाही. बंद न्हाणीघरात पेटविलेल्या बंबापासूनही हाच धोका असतो.

आपल्या घरची चूल किती उष्णता वाचविते हे वडीलमाणसांच्या देखत मोजून पाहता येते. जळण वजन करून घ्यावे. हंड्यात मोजून दहा लिटर पाणी भरावे, झाकण ठेवावे आणि तापमापकाने पाण्याचे तापमान टिपावे. पाणी ७० अंशांचे झाले की जळती लाकडे ओढून विझवावी व उरलेले जळण पुन्हा तोलावे. पाण्याचे लिटर आणि वाढलेले अंश यांचा गुणाकार म्हणजे पाण्याला मिळालेली उष्णता. संपलेल्या किलोंना ४००० ने गुणले म्हणजे जळणाने दिलेली. पहिलीला दुसरीने भागून शंभराने गुणावे. चुलीत राहिलेले निखारे विझवून त्यांचेही वजन करावे, कारण एक किलो कोळशात सुमारे ७००० किलोकॅलरी असतात. तेवढी उष्णता अजून खर्च व्हावयाची असल्याने ती जळणाच्या आकड्यातून वजा केली पाहिजे.